रिलेतली काडी

हुमा शेखला माणसांची मोजदाद ठेवायची सवय होती. पुण्याच्या एका कंपनीकडे येणारे तक्रारींचे फोन तिने शहाद्यात, वरच्या मजल्यावरच्या खोलीत बसून तीन वर्षं घेतले. त्या तीन वर्षांत तिच्या वहीत अकराशे चाळीस तक्रारी उतरल्या होत्या. त्यांतल्या सातशे बारा तक्रारींची सुरुवात एकाच वाक्याने झालेली. "आम्ही काहीच केलं नाही." उरलेल्यांपैकी बरेचजण फोन ठेवता ठेवता कबूल करत, की थोडंसं काहीतरी केलं होतं, पण त्याने काही व्हायला नको होतं. गिऱ्हाईक सुरतेचं असो की सोलापूरचं, भाषा बदले, वाक्य बदलत नसे.

खालच्या मजल्यावर तिच्या अब्बांचं, कय्युम शेख यांचं, रिवाइंडिंगचं दुकान. जळालेल्या मोटारीतली काळी तार उपसायची, नवी भरायची, वार्निश चढवून वाळवायची, हे त्यांचं तीस वर्षांचं काम. तिथेही तीच पोथी. म्हसावदपासून लोणखेड्यापर्यंतचा शेतकरी मोटार खाली ठेवी, घाम पुसे आणि म्हणे, "आपेआप बंद पडनी." घरात हिंदी बोलणारे अब्बा दुकानात चोख अहिराणी बोलत आणि ऐकून घेत. ते मोटारीला पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधत. एका बाजूला गिऱ्हाइकाने सांगितलेलं लिहीत, दुसऱ्या बाजूला उघडल्यावर सापडलेलं. दोन्ही बाजू जुळल्याचं वर्षातून दोनदा घडे, आणि त्या दिवशी अब्बा जास्तीचा चहा मागवत.

हुमाच्या कंपनीचा माल म्हणजे 'तांडेल' नावाचं सॉफ्टवेअर. ते काय करतं हे तिने अब्बांना एकदाच समजावलं आणि त्यांना एकदाच समजलं. आजकाल मोठ्या कंपन्या आपले प्रोग्रॅम पेट्यांमध्ये बंद करून ठेवतात. पेटीला म्हणतात कंटेनर. अशा शेकडो पेट्या, त्या ठेवायला डझनावारी मशिनं. कुठली पेटी कुठल्या मशिनवर ठेवायची, कुठली जिवंत आहे, कुठली पडली, पडली तर तिच्या जागी दुसरी कधी उभी करायची, हे सगळं माणसाने न बघता तांडेल बघतो.

"मतलब मुकादम," अब्बा म्हणाले.

"हां, मुकादम."

"मुकादम झूठ बोलता होगा," अब्बा म्हणाले आणि कॉइल बांधायला लागले. मुकादमांबद्दल त्यांची मतं पक्की होती.

ते बोलणं हुमाने हसण्यावारी नेलं होतं. या श्रावणात मात्र मुकादम खरोखरच खोटं बोलताना सापडला.

सुरतेच्या एका बस कंपनीची तिकिटं सकाळी दोन तास बंद होती. तिथला माणूस फोनवर ओरडत होता, आणि त्याच्या पडद्यावरही, हुमाच्या पडद्यावरही, तांडेल हिरव्या अक्षरांत सांगत होता, 'चालू'. हुमाने पेट्यांच्या आतल्या नोंदी एकेक करून उपसल्या. तिथल्या कुणीतरी डेटाबेसचा पासवर्ड बदलला होता, पेट्यांकडे जुनाच राहिला होता. पेटी उठे, डेटाबेसच्या दारावर जाई, हाकलली जाई, पडे आणि पुन्हा उठे. दोन तासांत दोनशे बारा वेळा. तांडेलच्या लेखी दर वेळी पेटी उठत होती, म्हणजे चालूच होती. खरं कारण एका ओळीचं होतं आणि ते कुणालाही सांगितलं गेलं नव्हतं.

तक्रार मिटवून हुमा थांबली असती तर ती सपोर्टवालीच राहिली असती. तिला ते राहायचं नव्हतं. कंपनीत कोड लिहिणारे वेगळे आणि फोन घेणारे वेगळे. फोन घेणाऱ्यांना दुखणं रोज दिसतं, पण सुरी हातात मिळत नाही. दोन महिन्यांपूर्वी तिने पुण्याच्या रंजितामॅडमना, म्हणजे सगळ्या तांडेलच्या प्रमुखांना, सरळ विचारलं होतं, की चुका कळवण्याचा भाग माझ्याकडे द्याल का? मॅडम म्हणाल्या होत्या, एक खरी दुरुस्ती करून दाखव, नवनीतने मंजूर केली तर बोलू. आता त्यांनी तारीखच दिली. शुक्रवारच्या मीटिंगपर्यंत मंजुरी आली तर तो भाग हुमाच्या नावावर, नाहीतर बंगळुरूची टीम तो सगळाच नव्याने लिहायला घेणार आणि हुमा पुन्हा फोनवर.

दुरुस्ती तिला सापडली होती. अडचण दुरुस्तीची नव्हतीच.

अडचण अशी, की शोधत शोधत ती ज्या ओळीवर पोचली ती ओळ सांगत होती : पेटी पडल्याची वर्दी आली तर ती इथेच अडवावी, पेटी पुन्हा चालू करावी, वर 'चालू' असं कळवावं. शेजारी शेरा होता, 'तात्पुरतं. नंतर काढणे.' त्याला साडेचार वर्षं झाली होती. लिहिणाऱ्याचं नाव, नवनीत नथ्थू पाटील.

नवनीतसर म्हणजे लोणखेड्याच्या नथ्थू पाटलांचा मुलगा. पुण्यात मोठा झालेला, आता हुमाचा साहेब आणि या दुरुस्तीवर सही करणारा एकमेव माणूस. शिवाय नथ्थूभाऊ म्हणजे अब्बांचं तीस वर्षांचं गिऱ्हाईक. हुमाने हिशेब मांडला. साहेब, गिऱ्हाइकाचा मुलगा, शेजारगावचा माणूस. गप्प राहायला एवढी तीन कारणं एकत्र मिळणं म्हणजे नशीबच.

त्या एका ओळीच्या आजूबाजूला साडेचार वर्षांत वस्तीच झाली होती. 'चालू' म्हणजे खरंच चालू का, हे ओळखायला चौदा फायलींमध्ये चौदा जणांनी आपापले टेकू लावले होते. कुणी मिनिटं मोजत होता, कुणी पेटी किती वेळा उठली ते, एकाने तर चक्क पेटी बोलते का हे बघायला तिला दर दहा सेकंदांनी हाक मारायची सोय केली होती. मूळ ओळीला हात कुणीच लावला नव्हता. हुमाने ती ओळ काढली, चौदा टेकू काढले. नऊशे ओळी गेल्या, साठ नव्या आल्या. पेटी पडली की कारणासकट वर्दी थेट पडद्यावर. मग तिने दुरुस्तीचं वर्णन लिहायला घेतलं, आणि तासभर विचार करून लिहिलं, 'किरकोळ सुधारणा व साफसफाई.'

सोमवारी पाठवलं. मंगळवारी सकाळी नवनीतसरांचा शेरा आला.

'नऊशे ओळी काढल्या आणि कारण चार शब्दांत? काय बिघडलं होतं, कशामुळे बिघडलं होतं, ते स्पष्ट लिहा. तोवर मंजूर करता येणार नाही.'

हुमाने शेरा दोनदा वाचला. चुका लपवू नयेत म्हणून केलेली दुरुस्ती तिने चूक लपवून पाठवली होती, आणि ज्याची चूक लपवली तोच माणूस तिला म्हणत होता, लपवू नका. तिने स्वतःच्या वहीत स्वतःची एक नोंद केली. तक्रार क्रमांक अकराशे एकेचाळीस.

नवनीतसर त्या आठवड्यात पुण्यात नव्हतेच. रविवारी कानबाईचा सण होता, रोटांच्या प्रसादासाठी सगळे भाऊबंद लोणखेड्यात जमलेले, आणि सर आठवडाभर घरूनच काम करत होते. म्हणजे ज्या दोघांचा पत्रव्यवहार पुण्यावरून चालला होता त्यांच्यात मैलभराचंही अंतर नव्हतं. उठून जावं आणि सांगून यावं, एवढं सोपं. त्यामुळेच हुमा दिवसभर गेली नाही.

बुधवारी दुपारी जायची गरजच उरली नाही. पावसाने पंधरा दिवस दडी मारली होती, केळीला पाणी हवं होतं, आणि नथ्थू पाटलांची मोटार नेमकी तेव्हाच जळाली. खाली छोटा हत्ती टेम्पो थांबल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ ओळखीचा सूर.

"कय्युमभाई, देखा बरं इले. आपेआप बंद पडनी."

हुमा जिन्यात आली. खाली नथ्थूभाऊ उभे होते, आणि मोटारीचं दुसरं टोक धरून, पुण्याचा टी-शर्ट ग्रीसने माखून घेत, नवनीतसर.

"आपेआप तं गाय बी उठस नही, नथ्थूभाऊ," अब्बा म्हणाले. एरवी नुसतं ऐकून घेणारे अब्बा या जुन्या गिऱ्हाइकाची थट्टा मात्र करत.

"मी काही कयं नही. सकायमा वावरमा गऊ, तं बंद."

 अब्बांनी नट काढले, झाकण उतरवलं आणि दिवा आत धरला. "या, सर, तुम्हीबी देखा," ते नवनीतला म्हणाले. "ही कॉइल कोळसा. ही कोळसा. आनि ही तिसरी?"

तिसरी तांबडीलाल होती. काल भरल्यासारखी.

"विजेच्या तीन फेजपैकी एक गेला, मोटार दोनवर चालली," अब्बा म्हणाले. "सगळी जळती तर मला समजलं नसतं. पहिलं काय गेलं ते शोधायचं असतं. शेवटी तं सगळंच काळं होतं." मग ते नथ्थूभाऊंकडे वळले. "फेज गया तं रिले पडाले पायजे व्हता. स्टार्टर कोठे शे?"

"स्टार्टरले काय व्हयेल शे? तो चांगला शे," नथ्थूभाऊ घाईने म्हणाले.

"आणलाय," नवनीत म्हणाला आणि गाडीतून स्टार्टरचा डबा काढून आणला. नथ्थूभाऊंनी मुलाकडे ज्या नजरेने पाहिलं ती नजर हुमाने तक्रारींच्या फोनमध्ये अनेकदा ऐकली होती, पाहिली पहिल्यांदा.

अब्बांनी डबा उघडला. आत, फेज गेला की पडून मोटार बंद करणाऱ्या रिलेच्या दांडीला बाभळीची एक काडी नीट तासून, अगदी मापात, घट्ट खोचलेली. फेज जाओ की राहो, दांडी खाली पडायची सोयच नव्हती.

"आठे काडी कोन खोची?"

"ती पहिलेपासून शे."

"रिलेसंगे कंपनी काडी देस का, नथ्थूभाऊ?"

नवनीत मोठ्याने हसला. "बाबा, इतली वरीस काडी लाई ठेयेल व्हती?"

आता नथ्थूभाऊंचा संयम संपला. "हासू नको. तूच खोची व्हती, दहावीमा व्हता तवय! रातले लाईन येस, रिले घडी घडी पडस, घडी घडी कोन उठी? तूच बोलना, बाबा, मी सोय करी देस. मी तं फक्त काडी बदलत ऱ्हायनू."

अब्बा इतके हसले की त्यांना चष्मा काढावा लागला. नवनीत कानापर्यंत लाल झाला, पण हसत होता. हुमाने जिन्यातून ते हसू नीट पारखलं. स्वतःची चूक चारचौघांत निघाल्यावर हसणारा माणूस तिच्या वहीत फार थोड्या वेळा आला होता. यापेक्षा चांगला मुहूर्त मिळणार नव्हता.

"सर," ती म्हणाली, "तुम्ही कारण विचारलं होतं. लॅपटॉप खाली आणू?"

"आण की."

तिने वार्निशचा डबा सरकवून लॅपटॉप ठेवला आणि ती ओळ उघडली.  नवनीतने ओळ वाचली, शेरा वाचला, नाव वाचलं. मग खुर्ची ओढून बसला.

"हे मी लिहिलंय."

"हो, सर."

"आणि हे तुला सोमवारी माहीत होतं."

"हो, सर."

"मग किरकोळ सुधारणा का लिहिलंस?"

"मंजुरी तुमच्याकडूनच हवी होती ना, सर."

नथ्थूभाऊंना स्क्रीनवरचं काही कळलं नव्हतं, पण मुलाचा चेहरा त्यांना वाचता येत होता. "काय व्हयनं? तठेबी काडी शे का?" त्यांनी आशेने विचारलं.

"शे," नवनीत म्हणाला. "मन्हीच."

नथ्थूभाऊ एकदम खुशीत आले आणि त्यांनी हुमाला पाणी मागितलं.

नवनीतने मग सांगितलं ते सरळ सांगितलं. साडेचार वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकाचा पडदा दर दोन मिनिटांनी लाल व्हायचा. पेट्या उगाचच पडायच्या, लगेच उठायच्या, आणि दर वेळी नवनीतचा फोन वाजायचा. गिऱ्हाईक सोडून जाईल अशी वेळ आली. त्याने तेवढ्यापुरती वर्दी अडवली. दुसऱ्या दिवशी काढणार होता. दुसऱ्या दिवशी फोन वाजला नाही, आणि न वाजणाऱ्या फोनचं कारण शोधायला कोण जातं?

"चूक माझी आहे, तसंच लिही," तो म्हणाला. "पण तुझी दुरुस्तीसुद्धा मी अशी मंजूर करणार नाही."

हुमाचा चेहरा पडला. याचंच तिला भय होतं.

"ऐक तर. तू काडी काढलीस, चांगलं केलंस. पण आता प्रत्येक पडण्याची वर्दी वर जाणार. नेटवर्क शिंकलं तरी पेटी पडते, दिवसातून दहादा, आणि आपली आपण उठते. पडदा दिवसभर ओरडणार. बाबांचा रिले खराब नव्हता, हुमा. तो सारखा पडायचा, म्हणून मी काडी घातली. सारखं ओरडणाऱ्याच्या तोंडात कुणीतरी काडी घालतंच. सहा महिन्यांत दुसरा कुणी पाटील येऊन घालेल."

हे खरं होतं. हुमाला ते लगेच पटलं आणि त्याचाच जास्त राग आला. तीन वर्षं फोन घेणाऱ्या बाईला हे सुचायला हवं होतं. कुठल्या ओरडण्याकडे लोक लक्ष देत नाहीत, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक?

अब्बा रिले हातात घेऊन काडी उपसत होते. "इथं चकती असते," ते कुणालाच उद्देशून न बोलता म्हणाले. "मोटार बघून लावायची. किती सोसायचं नि कधी पडायचं. तीस वर्षांत ती फिरवलेली एक पन रिले मी पाहिला नाही. लोकांना दोनच गोष्टी येतात, कंपनीनं दिली तशी ठेवणं, नाहीतर काडी."

हुमाने लॅपटॉप स्वतःकडे ओढला. मग दोघांनी तिथेच, तांब्याच्या तारेची रिळं बाजूला करून, दिवेलागणीपर्यंत काम केलं. पेटी पडली तर तीनदा उठवायची, दर वेळी आधीपेक्षा जास्त थांबून. तीनदा किंवा किती, ते गिऱ्हाइकाने आपल्या पेटीप्रमाणे ठरवायचं. त्यातून उठली तर गुपचूप नोंद, कुणाला त्रास नाही. नाही उठली तर थांबायचं, आणि वर्दी एकच द्यायची.

"त्या वर्दीत कारण कोणतं द्यायचं?" नवनीतने विचारलं. "शेवटचं?"

"पहिलं," हुमा म्हणाली. "शेवटी तर सगळ्या पेट्या एकच रडगाणं गातात, उठता येत नाही म्हणून. सुरतेच्या पेटीनं पासवर्ड नाकारल्याचं पहिल्या पडण्यातच सांगितलं होतं. पुढच्या दोनशे अकरा वेळा नुसताच धूर."

अब्बांनी मान वर केली नाही, पण त्यांचा हात तारेवर थोडा थांबला. आपलं वाक्य मुलीने वापरलं, हे त्यांनी नोंदवून घेतलं असावं. ते अशा गोष्टी बोलून दाखवत नसत.

गुरुवारी हुमाने वर्णन नव्याने लिहिलं. पेटी पडल्याची वर्दी अमुक ओळीत अडवली जात होती. ती ओळ कोणी, कधी, कशासाठी लिहिली. तिच्यामुळे चौदा ठिकाणी कोणते टेकू लागले. काय काढलं, काय घातलं, आणि पडदा विनाकारण ओरडू नये म्हणून काय केलं. शेवटचा मुद्दा नवनीतसरांनी सुचवला, हेही लिहिलं. तिने कुणाची भीड ठेवली नाही आणि कुणाला टोचलंही नाही. वाचून झाल्यावर तिला स्वतःलाच ते अब्बांच्या हातच्या चिठ्ठीसारखं वाटलं, फक्त यात दोन्ही बाजू एकाच अंगाला होत्या.

मंजुरी पाच वाजून दहा मिनिटांनी आली. एक शब्द होता, 'मंजूर.' नवनीतसरांनी आपल्या आयुष्यात एवढं थोडक्यात काही लिहिलं नसावं.

शुक्रवारच्या मीटिंगमध्ये रंजितामॅडमनी वर्णन सगळ्यांसमोर वाचलं, आणि चष्म्यावरून बघत विचारलं, "साडेचार वर्षं हे एकाच्याही लक्षात आलं नाही?"

पडद्यावरच्या अकरा चौकोनांत अकरा चेहरे एकदम आपापल्या कीबोर्डकडे बघायला लागले. हुमाने मोजले.

"आलं होतं, मॅडम," नवनीत म्हणाला. "चौदा जणांच्या. प्रत्येकाने आपल्यापुरता टेकू लावला. ओळ माझी होती, म्हणून कुणी विचारलं नाही, आणि मीही कुणाला विचारू दिलं नाही. हुमाने विचारलं. म्हणजे सोमवारी तिनेही नव्हतं विचारलं, पण बुधवारी विचारलं."

"सोमवारी काय झालं होतं?"

"किरकोळ सुधारणा व साफसफाई," हुमा म्हणाली. लपवायचं काही उरलंच नव्हतं.

मॅडम हसल्या नाहीत, पण त्यांनी चष्मा काढला. "ठीक आहे. बंगळुरूला मी कळवते. सोमवारपासून चुका कळवण्याचा सगळा भाग हुमाकडे. त्यात जे जुनं पडून आहे ते काढायचं की ठेवायचं, तीच ठरवेल. कुणाची ओळ आहे ते न बघता." मग म्हणाल्या, "आणि हुमा, शहाद्यातूनच कर. तिकडे तुला रिव्ह्यूला माणसं चांगली मिळतात असं दिसतंय."

मीटिंग संपली. हुमा खाली आली. अब्बा नथ्थूभाऊंच्या मोटारीला वार्निश चढवत होते आणि दुकानभर तो गोडसर उग्र वास पसरला होता.

"मिल गया, अब्बा."

"क्या मिला?"

"वो हिस्सा. अब मेरे नाम पे है."

अब्बांनी ब्रश डब्यावर आडवा ठेवला. "मतलब अब कुछ बिगड़ा तो फोन तेरे को आएगा?"

"हां."

"पहले भी तेरे को ही आता था."

"पहले मैं सिर्फ उठाती थी, अब्बा. अब ठीक भी मैं ही करूंगी."

त्यांनी यावर नीट विचार केला. तीस वर्षं जे काम ते करत आले होते त्याचं वर्णन कुणी इतक्या आनंदाने त्यांच्यासमोर केलं नव्हतं. मग त्यांनी कोपऱ्यावरच्या टपरीकडे हाक मारून चहा सांगितला, चिठ्ठीच्या दोन्ही बाजू जुळल्याच्या दिवसासारखा जास्तीचा, दोन नाही, चार.  चहा घेऊन हुमा वर गेली, आणि आपल्या भागात अजून किती ठिकाणी 'तात्पुरतं' असा शेरा आहे ते शोधून पाहिलं. एकवीस ठिकाणी. तिने पहिला उघडला.